खोक्यावरचा आकडा आणि घरातला उपयोग

सणासुदीची खरेदी जवळ आली की या सदराकडे येणाऱ्या पत्रांत टीव्ही, मोबाइल आणि इअरफोन यांची गर्दी होते. सांगली, मिरज, तासगाव आणि कुपवाड येथून आलेल्या पत्रांपैकी ज्यांची उत्तरे इतरांनाही उपयोगी पडतील अशी काही पत्रे संक्षिप्त करून येथे घेतली आहेत. पत्रलेखकांच्या इच्छेनुसार नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : आमचा जुना ३२ इंची टीव्ही बदलायचा आहे. पुण्याचे चिरंजीव म्हणतात, ५५ इंची ‘फोर-के’ घ्या. दुकानदार म्हणतात, थोडे पैसे वाढवा आणि ‘एट-के’ घ्या, येणारा काळ त्याचाच आहे. आमची बैठकीची खोली बारा बाय दहाची आहे, सोफा टीव्हीपासून नऊ फुटांवर आहे आणि आम्ही दोघे मुख्यतः मराठी मालिका, बातम्या आणि क्रिकेट पाहतो. खोक्यावर ‘एचडीआर’ असेही लिहिलेले असते. काय करावे?
— निवृत्त शिक्षिका, विश्रामबाग, सांगली

उत्तर : सोफ्याचे अंतर आपण आधीच मोजून कळवले, ही गोष्ट फार मोलाची आहे, कारण बहुतेक ग्राहक टीव्ही दुकानात दोन फुटांवर उभे राहून निवडतात आणि घरी नऊ फुटांवर बसून पाहतात. निरोगी डोळ्याला साधारणपणे एका अंशाच्या साठाव्या भागाएवढ्या कोनातले दोन ठिपके वेगळे दिसतात. त्याहून जवळचे ठिपके एकमेकांत मिसळून जातात. पडद्यावरचे चित्र अशाच बारीक ठिपक्यांचे असते आणि ‘फुल एचडी’, ‘फोर-के’, ‘एट-के’ ही ते ठिपके किती याची चढती नावे आहेत. हा हिशेब ५५ इंची पडद्याला लावला तर ‘फुल एचडी’ चित्राचे ठिपके सुमारे सात फुटांपलीकडे, ‘फोर-के’चे सुमारे साडेतीन फुटांपलीकडे आणि ‘एट-के’चे दोन फुटांच्या आतच दिसेनासे होतात. म्हणजे ‘एट-के’चा लाभ घ्यायचा तर आपणां दोघांना टीव्हीपुढे पाट मांडून बसावे लागेल. शिवाय त्या दर्जाचे कोणतेही चॅनेल आपल्याकडे प्रसारित होत नाही. येणारा काळ खरोखरच आला, तर तेव्हाचा टीव्ही तेव्हा घेता येईल आणि तो आजच्यापेक्षा चांगला व स्वस्त असेल. २०१० मध्ये चष्मा लावून पाहायचे त्रिमितीय टीव्ही असाच ‘येणारा काळ’ म्हणून बाजारात आले होते. २०१७ मध्ये सोनी आणि एलजी यांनीही ते बनवणे थांबवले.

‘फोर-के’ मात्र घ्यावा, आणि त्याचे कारण अगदी व्यवहारी आहे : ५५ इंची आकारात त्याहून कमी ठिपक्यांचा टीव्ही आता बाजारात शोधूनही मिळणे कठीण आहे. पण तो घरी आल्यावर मालिका आपोआप स्वच्छ दिसतील, अशी अपेक्षा ठेवू नये. डिशवरच्या साध्या, म्हणजे एचडी नसलेल्या, चॅनेलचे चित्र ७२० गुणिले ५७६ ठिपक्यांचे असते. ‘फोर-के’ पडद्यावर ३८४० गुणिले २१६०, म्हणजे सुमारे ८३ लाख ठिपके असतात. गुणाकार केला तर पडद्यावरच्या दर वीस ठिपक्यांमागे आलेली माहिती एका ठिपक्याची असते. उरलेले एकोणीस टीव्ही अंदाजाने भरतो. वाटीभर आमटीत पाणी घालून ती वीस जणांना वाढण्यासारखा हा प्रकार आहे. त्यामुळे नवा टीव्ही घेण्याच्या आधी, जी चार-पाच चॅनेले आपण नेहमी पाहता त्यांची एचडी आवृत्ती आपल्या पॅकमध्ये आहे का आणि सेटटॉप बॉक्स एचडी आहे का, हे पाहून घ्यावे. एवढ्याने आपल्या जुन्या टीव्हीवरही फरक दिसण्याची शक्यता आहे.

‘एचडीआर’ची गोष्ट थोडी फसवी आहे. या तंत्रात उजेड आणि अंधार यांतला फरक वाढवलेला असतो आणि अशी दृश्ये बहुधा १००० निट (निट हे झळाळी मोजण्याचे एकक) इतकी झळाळी गृहीत धरून तयार केलेली असतात, तर स्वस्त टीव्हींची झळाळी अनेकदा २५० ते ३०० निट असते. अशा टीव्हीवर ‘एचडीआर’ असे लिहिले असले तर त्याला तो संदेश वाचता येतो, एवढाच त्याचा अर्थ. वाचलेले दाखवता येईलच असे नाही. निटचा आकडा खोक्यावर बहुधा नसतो. तो दुकानदाराला विचारावा आणि त्याला सांगता आला नाही, तर ‘एचडीआर’साठी जास्तीचे पैसे देऊ नयेत.

टीव्ही घरी आल्यावर दोन कामे लगेच करावीत. पहिले, हालचाल गुळगुळीत करण्याची जी सोय निरनिराळ्या नावांनी अनेक टीव्हींत मुळातच चालू करून दिलेली असते, ती चित्रपट पाहताना बंद ठेवावी. तिच्यामुळे चांगला चित्रपटही मालिकेसारखा दिसू लागतो. डिसेंबर २०१८ मध्ये टॉम क्रूझ या अभिनेत्याने खास ध्वनिचित्रफीत काढून प्रेक्षकांना हीच विनंती केली होती. क्रिकेटसाठी ती चालू ठेवली तरी बिघडत नाही. दुसरे, टीव्ही पहिल्यांदा सुरू करताना समोर येणाऱ्या प्रत्येक पानावर ‘मान्य’ असे दाबत जाऊ नये. त्यांतले एखादे पान, आपण काय पाहतो याची माहिती कंपनीला पाठवण्याची परवानगी मागत असते. अमेरिकेत विझिओ या कंपनीने ग्राहकांना न सांगता अशी माहिती गोळा केल्याबद्दल २०१७ मध्ये २२ लाख डॉलर भरून प्रकरण मिटवले. ती परवानगी नाकारली तरी टीव्ही चालतो.

सप्टेंबर २०२५ मध्ये ३२ इंचांहून मोठ्या टीव्हींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला. त्यातून वाचलेले पैसे ‘एट-के’त घालण्याऐवजी एखाद्या साध्या साउंडबारमध्ये घालावेत, असे मी सुचवेन. पातळ टीव्हींचे स्पीकर बहुधा खाली किंवा मागे तोंड करून बसवलेले असतात आणि संवाद नीट ऐकू येत नाहीत, ही तक्रार वय वाढेल तशी चित्राच्या तक्रारीपेक्षा मोठी होत जाते.

प्रश्न : टीव्हीबरोबर सोन्याचा मुलामा दिलेली तीन हजारांची एचडीएमआय केबल घेतली तर चित्र सुधारते का?
— एक व्यापारी, गणपती पेठ, सांगली

उत्तर : नाही. या केबलमधून शून्य आणि एक असे आकडे जातात. ते नीट पोहोचले तर चित्र पूर्ण दिसते आणि पोहोचले नाहीत तर पडद्यावर ठिणग्या उडतात किंवा चित्र मध्येच जाते. रंग अधिक गडद होणे, चेहरे अधिक रेखीव होणे असला मधला प्रकार संभवत नाही. दोन मीटरपर्यंतच्या अंतरासाठी ‘प्रीमियम हाय स्पीड’ असे प्रमाणपत्राचे लेबल असलेली साधी केबल पुरते. घरात गेम खेळणारे कोणी असेल आणि टीव्ही १२० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १२० चित्रे दाखवणारा, असेल तरच ‘अल्ट्रा हाय स्पीड’ घ्यावी. सोने पेढीवरच घ्यावे.

प्रश्न : एका ऑनलाइन दुकानातून मी काही चित्रपट भाड्याने न घेता पूर्ण किंमत मोजून ‘विकत’ घेतले होते. त्यांपैकी एक माझ्या यादीतून नाहीसा झाला आहे. विचारणा केली तेव्हा ‘हक्कांची मुदत संपली’ असे मोघम उत्तर आले. वकिली करत असूनही मी त्या वेळी अटी वाचल्या नव्हत्या, हे मान्य करतो. पण विकलेली वस्तू परत नेण्याला काय म्हणावे?
— एक वकील, तासगाव

उत्तर : अटी वाचल्या असत्या तर आपल्याला आढळले असते की विक्री झालेलीच नव्हती, काही काळ पाहण्याचा परवाना दिला गेला होता आणि बटणावर मात्र ‘विकत घ्या’ असे लिहिले होते. अशा दुकानांचे स्वतःचे आयुष्यही ग्राहकाच्या हाती नसते. मायक्रोसॉफ्टने आपले ई-पुस्तकांचे दुकान २०१९ मध्ये बंद केले, तेव्हा लोकांनी घेतलेली पुस्तके उघडेनाशी झाली. कंपनीने सर्वांचे पैसे परत केले, हे न्यायाने सांगितले पाहिजे. परंतु वाचक पैसे देऊन पुस्तके घेतो तेव्हा त्याला पुढेमागे पैसे परत हवे असतात म्हणून घेत नाही. कॅलिफोर्निया राज्याने १ जानेवारी २०२५ पासून असा कायदा लागू केला आहे की जेथे ग्राहकाला केवळ परवाना मिळतो, तेथे ते स्पष्ट सांगितल्याशिवाय दुकानाने ‘विकत घ्या’ असे शब्द वापरू नयेत. आपल्याकडे असा नियम यावा यासाठी आपल्यासारख्या कायदा जाणणाऱ्या ग्राहकांनी लिहायला हवे. तोपर्यंत राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक जपून ठेवावा आणि खरेदीच्या दिवसाची पावती, तसेच त्या वेळच्या अटींची प्रत मिळत असल्यास तीही काढून ठेवावी.

यापुढच्या खरेदीसाठी माझा स्वतःचा नियम सांगतो. एकदाच पाहायचे ते भाड्याने घ्यावे. वारंवार पाहायचे, घरात असावेसे वाटते ते, मिळत असेल तर डिस्कवर किंवा नक्कल रोखणारे कुलूप नसलेल्या फाइलच्या रूपात घ्यावे. संगीताच्या बाबतीत हे साध्य झालेले आहे : ॲपलने २००९ मध्ये आपल्या दुकानातली सर्व गाणी कुलुपाविना विकायला सुरुवात केली आणि तेव्हा घेतलेले गाणे आज कोणत्याही फोनवर वाजते. नाट्यपंढरी म्हणवणाऱ्या आपल्या शहरात पुष्कळ घरांत मराठी नाटकांच्या जुन्या व्हीसीडी पडून असतील. त्यांचे चित्र आजच्या डोळ्यांना धूसर वाटेल, पण त्या लावण्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही. त्या चालू आहेत तोवर संगणकावर उतरवून घ्याव्यात, कारण स्वस्तातल्या डिस्कही कायमच्या टिकत नाहीत.

ओटीटीच्या वर्गणीबद्दलही याच ओघात सांगतो. वर्षाची वर्गणी स्वस्त पडते खरी, पण वर्षभरात त्या वस्तूचे रूप बदलण्याचा अधिकार कंपनीकडे राहतो. ॲमेझॉनच्या प्राइम व्हिडिओवर भारतात जून २०२५ पासून जाहिराती सुरू झाल्या आणि त्या नको असणाऱ्यांना वेगळी रक्कम भरावी लागू लागली. ज्यांनी वर्षाचे पैसे आधीच भरले होते त्यांनाही. महिन्याची वर्गणी घ्यावी, हवे ते पाहावे आणि बंद करावी. गाजलेल्या मालिका पुढच्या महिन्यातही तेथेच असतात.

प्रश्न : आमच्या घरात तंतुवाद्ये बनवण्याचे काम पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. धाकट्या भावाने ‘हाय-रेझ’ असे लिहिलेले महागडे वायरलेस इअरफोन आणले असून त्यावर तंबोऱ्याची जवारी अधिक खुलते असे तो म्हणतो. मला फरक कळत नाही. माझे कान गेले की त्याचे पैसे?
— एक वाद्य-कारागीर, मिरज

उत्तर : ज्यांच्या वाद्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्या गावच्या कारागिराला जवारीबद्दल, म्हणजे तारेच्या त्या गुंजणाऱ्या झिळीबद्दल, मी काही सांगावे, हे धाडसच आहे, म्हणून फक्त आकड्यांपुरते बोलतो. माणसाचा कान तरुणपणी सुमारे २० किलोहर्ट्झपर्यंत ऐकतो आणि ही मर्यादा वयाबरोबर खाली येते. १९८२ मध्ये आलेल्या सीडीत ध्वनीचे सेकंदाला ४४,१०० नमुने घेतले जातात आणि त्यांतून सुमारे २२ किलोहर्ट्झपर्यंतचा स्वर पुरता परत मिळतो. म्हणजे ऐकण्यापुरते जे हवे ते चाळीसहून अधिक वर्षांपूर्वीच मिळालेले आहे. ध्वनिमुद्रण करणाऱ्याला त्याहून मोठे आकडे, म्हणजेच ‘हाय-रेझ’, उपयोगी पडतात, कारण पुढे आवाज कमी-जास्त करताना, मिसळताना त्याला हाताशी जागा लागते. ऐकणाऱ्याला ते काम करायचे नसते.

वायरलेस इअरफोनच्या बाबतीत तर ‘हाय-रेझ’ या दाव्यात एक गंमत आहे. सीडीवरचा ध्वनी सेकंदाला १,४११ किलोबिट या गतीने वाहतो, आणि ब्लूटूथवरची एलडॅक ही नावाजलेली पद्धत जास्तीत जास्त ९९० किलोबिट वाहून नेते. म्हणजे सीडीचा ध्वनीदेखील बहुधा आवळूनच कानापर्यंत जातो. त्याच्याहून मोठी फाइल फोनमध्ये असली तरी वाट तेवढीच अरुंद. हे आवळणे इतके कुशलतेने केलेले असते की बहुतेकांना ते कळत नाही, आणि त्यात वाईट काही नाही. वाईट एवढेच की ज्याचे पैसे घेतले ते वाटेतच गळते.

तरीही आपले बंधू अगदीच चुकीचे ऐकत असतील असे नाही. त्यांचे नवे इअरफोन कानात घट्ट बसत असतील, बाहेरचा गोंगाट अडवत असतील किंवा वरचे स्वर थोडे उचलून देत असतील, आणि जवारीची ती झीळ वरच्या स्वरांशांतूनच तयार होत असल्याने ती पुढे आल्यासारखी वाटेल. फाइलचा दर्जा कळतो तो खालच्या टोकाला : १२८ किलोबिटच्या एमपीथ्रीत साधारण १६ किलोहर्ट्झच्या वरचा भाग बहुधा कापलेला असतो. तेव्हा एक प्रयोग करावा. तिसऱ्या माणसाला आळीपाळीने सीडीवरून घेतलेली आणि ‘हाय-रेझ’ फाइल, सारख्याच मोठ्या आवाजात, कोणती ते न सांगता लावायला सांगावी. आवाज सारखा ठेवणे फार महत्त्वाचे, कारण किंचित मोठे तेच चांगले वाटते आणि दुकानात नेमका याचाच लाभ घेतला जातो. बंधूंनी दहापैकी नऊ वेळा बरोबर ओळखले तर मला जरूर कळवावे. आणि मिरजेतच राहिलेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांच्या, एका बाजूला जेमतेम साडेतीन मिनिटे मावणाऱ्या तबकड्या आजही लोक हातातले काम थांबवून ऐकतात, हेही त्यांच्या कानावर घालावे.

प्रश्न : यूट्यूबवरचे मोबाइलचे परीक्षण पाहून फोन घ्यावा का? हे लोक कंपन्यांकडून पैसे घेतात, असे मित्र म्हणतात.
— अभियांत्रिकीचा विद्यार्थी, सांगली

उत्तर : काही घेतात, काही घेत नाहीत. जे घेतात, किंवा ज्यांना फोन फुकट मिळतो, त्यांनी ते प्रेक्षकाला सहज दिसेल अशा रीतीने सांगावे, अशी केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाची जानेवारी २०२३ पासूनची मार्गदर्शक तत्त्वे आहेत आणि दिशाभूल करणाऱ्या शिफारशीला पहिल्या वेळी १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पण मला लाचेपेक्षा घाईची अडचण मोठी वाटते. फोन बाजारात येण्याच्या दिवशीच परीक्षण यावे यासाठी तो परीक्षकाला थोडे दिवस आधी मिळतो, आणि एवढ्यात जे कळते ते म्हणजे रंग, वजन आणि कॅमेऱ्याची पहिली छाप. दुसऱ्या वर्षी बॅटरी किती उरते, अपडेटनंतर फोन गरम होतो का, पडदा बदलायला किती खर्च येतो, हे प्रामाणिक परीक्षकालाही त्या वेळी सांगता येत नाही. म्हणून एक वर्ष वापरल्यानंतर केलेली परीक्षणे शोधून पाहावीत. त्यांना प्रेक्षक कमी असतात आणि ती अधिक खरी असतात. गेल्या वर्षीचा फोन त्यामुळे उत्तम खरेदी ठरतो. (मासिकांनीही फार ताठ मानेने बोलू नये, जाहिराती आमच्याही पानांवर असतात.)

प्रश्न : आपण प्रत्येक नव्या गोष्टीला नाक मुरडता. एआय असलेला फोन घ्यावा का, या प्रश्नालाही आपले उत्तर ‘नको’ असेच असणार. मग तंत्रज्ञानाचे सदर चालवता कशाला?
— लघुउद्योजक, कुपवाड

उत्तर : आवड आहे म्हणून. जे आज आपल्या हातात काम करते त्याचे मी मनापासून कौतुक करतो. मराठीत बोलून टंकलेखन करता येणे ही माझ्या दृष्टीने गेल्या काही वर्षांतली फार मोठी सोय आहे. आपल्या कारखान्यातल्या, कळफलकाची सवय नसलेल्या फोरमनलाही ती वापरता येते. यूपीआय २०१६ मध्ये आले तेव्हा ते इतके निमूटपणे काम करील असे वाटले नव्हते, आणि आज मारुती चौकातल्या भाजीवालीलाही त्याचे कौतुक राहिलेले नाही, यातच त्याचे यश आहे. युरोपीय संघाने डिसेंबर २०२४ पासून मोबाइलना एकच यूएसबी-सी चार्जर सक्तीचा केला, याचेही मी स्वागत केले आहे.

पैसे देण्याच्या वेळी मात्र, वस्तू आज जे करते त्याचेच द्यावेत आणि उद्या करील म्हणतात त्याचे देऊ नयेत, एवढा माझा आग्रह आहे. ॲपलसारख्या कंपनीने जून २०२४ मध्ये आपल्या बोलक्या मदतनिसाची नवी रूपे जाहीर केली, त्यांच्या जाहिराती करून फोन विकले आणि मार्च २०२५ मध्ये ती लांबणीवर टाकली. ह्यूमेन नावाच्या कंपनीने एप्रिल २०२४ मध्ये छातीवर लावायची एआय पिन ६९९ डॉलरला, वर महिन्याला २४ डॉलर वर्गणी घेऊन, विकायला काढली; फेब्रुवारी २०२५ अखेर तिचे सर्व्हर बंद झाले आणि पिन नुसती पिन उरली. ज्यांनी हौसेने पैसे घातले ते मूर्ख नव्हते. त्यांनी कंपनीच्या भविष्याची किंमत स्वतःच्या खिशातून दिली, इतकेच. ती किंमत गुंतवणूकदारांनी द्यायची असते.

तेव्हा एआयचा फोन घ्यायचा असेल तर दुकानात उभ्या उभ्या त्याच्याकडून आपले रोजचे एक काम करून घ्यावे : मराठीतल्या कोटेशनचा सारांश, हिंदी व्यापाऱ्याच्या निरोपाचे भाषांतर, काहीही. इंटरनेट बंद करून पुन्हा तेच करायला सांगावे, म्हणजे काम फोन करतो की दूरचा सर्व्हर, ते कळेल आणि पुढे वर्गणी लागू शकेल की नाही याचाही अंदाज येईल. जे काम तो सर्व्हरवरून करून देतो, ते फुकटच्या ॲपवर आपल्या आताच्या फोनवरही बहुधा होते. नवा फोन घेण्याचे खरे कारण बहुतेक वेळा थकलेली बॅटरी असते आणि ती बदलणे नव्या फोनच्या मानाने फार स्वस्त पडते.

प्रश्न : २०१९ च्या पुरात लग्नाचे अल्बम आणि संगणक दोन्ही गेले. आता सगळे फोटो मोबाइलवर आहेत. ते ‘क्लाउड’वर टाकले की काळजी मिटली का?
— गृहिणी, गावभाग, सांगली

उत्तर : अर्धी मिटली. आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी ५७ फुटांवर गेले त्या ऑगस्टमध्ये ज्यांचे फोटो घराबाहेर कोठेतरी होते, त्यांचे वाचले. तेव्हा एक प्रत घरापासून दूर हवीच आणि त्यासाठी क्लाउड सोयीचे आहे. पण ते दुसऱ्याचे कपाट आहे आणि त्याच्या अटी बदलतात. गूगल फोटोजवर अमर्याद फोटो फुकट ठेवण्याची सोय होती, ती १ जून २०२१ रोजी संपली. आता ईमेल धरून सगळ्याला मिळून १५ जीबी जागा फुकट मिळते. दोन वर्षे वापर न झालेली खाती फोटोंसह काढून टाकण्याचे धोरणही गूगलने लागू केले आहे. घरातल्या वडीलधाऱ्यांच्या फोनचे खाते त्यांच्या पश्चात कोणी उघडत नाही, तेथे हा धोका खरा आहे. म्हणून त्यांचे फोटो आपल्या खात्यातही घेऊन ठेवावेत.

क्लाउडच्या जोडीला दोन बाह्य हार्ड डिस्क घ्याव्यात. एक घरात, माळ्यावर. दुसरी नदीपासून दूर, विटा किंवा जत येथे माहेर वा नातलग असल्यास त्यांच्याकडे ठेवावी आणि दिवाळी-उन्हाळ्यात जाणे होईल तेव्हा अदलाबदल करावी. पेनड्राइव्हवर वर्षानुवर्षे विसंबू नये. नातेवाइकांकडून जुने फोटो मागवताना व्हॉट्सॲपवर साधे फोटो म्हणून न मागवता ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगावे, नाहीतर ते आकसून येतात. लग्नाचा अल्बम गेला असला तरी ज्या छायाचित्रकाराने तो केला त्याच्याकडे निगेटिव्ह किंवा डिस्क शिल्लक आहे का, हे एकदा विचारून पाहावे. त्याचा स्टुडिओ वरच्या मजल्यावर असेल तर आशेला जागा आहे.